कोपराच्या वर न बघणारा माणूस

"ब्यूटिफुल!"

रक्ताची नळी खिडकीच्या उजेडात धरायची, हलक्या हातानं एकदा उलटी करायची, एकदा सुलटी करायची, मान जराशी तिरपी करायची आणि म्हणायचं, "ब्यूटिफुल!" मी सकाळी टेबलावर पर्स ठेवते न ठेवते तोच पलीकडच्या खोलीतून हा शब्द ऐकू यायचा. ज्याचं रक्त असायचं ते माणूस तिथंच स्टुलावर कापूस दाबून, हात मुडपून बसलेलं असायचं. बहुतेकांना वाटायचं, डॉक्टरांनी आपल्याला काहीतरी विचारलं. "काय म्हणाले?" असं ते सोनवणेला विचारायचे. सोनवणे आमचा लॅब टेक्निशियन. तो म्हणायचा, "तुम्हाला नाही, रक्ताला म्हणाले."

तोंडावर मी त्या माणसाला 'सर' म्हणायचे. इथं 'तो' म्हणणार आहे. त्याच्याबद्दल माझं मत चांगलं नाही, आणि ते झाकून ठेवण्याइतका माझा स्वभावही चांगला नाही.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. मुलं नसती तर शाळा किती नीट चालली असती, असं मनातून वाटणारे मास्तर असतात. खातेदार दारात दिसला की कपाळाला आठी घालणारे बँकेतले साहेब असतात. हा त्यांच्याच जातकुळीतला. त्याचं रक्तावर प्रेम होतं, आणि ते रक्त दुर्दैवानं माणसांच्या अंगात असतं म्हणून त्याला आमच्याकडे यावं लागत होतं.

मी नाशिकच्या एका सरकारी दवाखान्यात, एचआयव्हीची औषधं मिळतात त्या केंद्रात समुपदेशक आहे. समुपदेशक म्हणजे बोलणारी बाई. गोळ्या कशा घ्यायच्या, चुकल्या तर काय करायचं, घरी कुणाला सांगायचं आणि कुणापासून लपवायचं, हे मी सांगते. रडणाऱ्याला रडू देते, मग पाणी देते. वर्षानुवर्षं हेच करते आहे आणि बऱ्यापैकी करते, असं मला वाटतं.

तो आला एका संशोधन संस्थेचा प्रकल्प घेऊन. ज्यांना एचआयव्ही आणि टीबी दोन्ही आहेत, त्यांच्या रक्तातल्या टी पेशी टीबीच्या जंतूला कसं तोंड देतात, हा त्याचा विषय. रक्त घ्यायचं, पेशी वेगळ्या काढायच्या, त्यांच्यापुढे टीबीच्या जंतूचे मेलेले तुकडे टाकायचे आणि पेशी चवताळतात की नुसत्या बसून राहतात ते यंत्रावर बघायचं. औषध सुरू होण्याआधी एकदा, नंतर पुन्हा पुन्हा. विषय महत्त्वाचा होता, यात वाद नाही. आमच्याकडे मरणारी बरीच माणसं नेमकी या दोन रोगांच्या जोडीनंच मरतात.

प्रकल्प येणार म्हणून आमची स्टोअररूम रिकामी झाली, भिंतींना रंग लागला आणि एसी बसला. केंद्रातला तो पहिला एसी, पेशींसाठी आणलेला. रांगेतली माणसं व्हरांड्यात बसायची. तिथला पंखा फिरायचा तेवढा, वारा लागायचा नाही. उन्हाळ्यात लोकांच्या लक्षात आलं की त्या खोलीच्या दाराखालच्या फटीतून गार हवा येते. मग ज्याला ताप असेल त्याला फटीपाशी बसवायची रीत पडली. चपला काढून, तळपाय फटीकडे करून माणसं गुमान बसून राहायची. लवकरच त्यानं सुतार बोलावून फटीला फोमची पट्टी ठोकून घेतली. मी विचारलं तर म्हणाला, "मॅडम, आतलं टेंपरेचर वरखाली होतं. पेशी फार सेन्सिटिव्ह असतात." बाहेर बसलेल्यांच्या अंगात त्या नसतात, असा त्याचा समज असावा.

त्या खोलीत नायट्रोजनचा एक मोठा डबा होता. झाकण उघडलं की पांढरा धूर भसकन बाहेर यायचा. त्यावरून पेशंटांनी त्याला 'धूरवाले डॉक्टर' असं नाव पाडलं. आता धूर निघतो म्हणजे औषधही जालीम असणार, असा लोकांचा हिशोब. सटाण्याकडचे एक म्हातारबाबा थेट त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले, जीभ बाहेर काढली आणि म्हणाले, "डॉक्टर, माले भलता खोकला शे. दखा ना जरासं." तो दोन पावलं मागे सरकला, नाकावरचा मास्क आणखी वर ओढला आणि म्हणाला, "मी त्यातला डॉक्टर नाही."

म्हातारबाबा जीभ आत घेऊन माझ्याकडे आले. "मंग कसाना डॉक्टर शे हाऊ?"

मी त्यांना काय सांगणार? "पेशींचे आहेत," म्हणाले. त्यांनी मान डोलावली. त्यांच्या गावात गुरांचे डॉक्टर होते, त्यामुळे त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

एकदा मला नाशिक रोडला घरी सोडण्याची त्याला बुद्धी झाली. तो स्टेशनला चालला होता. थर्माकोलच्या डब्यात बर्फात ठेवलेली सॅम्पलं संध्याकाळच्या गाडीनं संस्थेकडे जायची, आणि माझं घर वाटेवर. मी पुढचं दार उघडलं, तर सीटवर डबा बसलेला. त्याला बेल्टही लावलेला. मी निमूट मागे बसले. द्वारकेच्या चौकात एक रिक्षा आडवी घुसली, त्यानं करकचून ब्रेक मारला, माझं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. त्याचा डावा हात डब्यावर गेला होता. "ठीक ना?" त्यानं काळजीनं विचारलं. मी म्हणाले, "हो, फार लागलं नाही." त्यानं आरशातून माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी मागे आहे हे त्याला आत्ताच कळलं. मग मला उमगलं की तो डब्याची चौकशी करत होता.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण त्याच्या यादीतला एक रिक्षावाला वारला. तीन पोरींचा बाप, बोलका माणूस, माझ्या खोलीत आला की खुर्ची ओढायच्या आधी एखादा विनोद सांगायचा. मी ही बातमी त्याला सांगायला गेले, कारण सांगणं माझं काम होतं. तो यंत्रापुढे बसला होता. मान वळवून म्हणाला, "अरेरे. म्हणजे पुढचं सॅम्पल नाही." मी म्हणाले, "सर, माणूस गेला." तो म्हणाला, "हो, ते वाईटच. पण तो तुमचा विभाग आहे ना, मॅडम." त्या दिवशी मी डबा न खाता परत नेला. त्याच्या थोबाडीत मारावी असं मला वाटलं होतं आणि अजूनही त्याबद्दल मला काही गैर वाटत नाही.

एक गोष्ट मात्र मी त्याच्याकडून घेतली, तीही त्यानं दिली नव्हती. मी पेशंटला टी पेशी समजावताना म्हणायचे, "या पेशी म्हणजे आपल्या अंगातले राखणदार." एकदा दिंडोरीकडचा एक गडी समोर बसला होता, द्राक्षबागेत कामाला जाणारा. हा महाशय दार न वाजवता आत आला. दार वाजवणं त्याला कधी जमलं नाही. माझं वाक्य ऐकून थबकला.

"चुकीचं सांगताय. एचआयव्ही जी पेशी मारतो ती राखण करत नाही. ती स्वतः कुणाला मारत नाही. ती बाकीच्या पेशींना हाका घालते, कामाला लावते."

"म्हंजे मुकादम," गडी म्हणाला.

तो विचारात पडला. "हां. मुकादम. करेक्ट." आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "यांना मुकादम सांगत जा."

तेव्हापासून मी मुकादमच सांगते. टीबीचा जंतू कित्येकांच्या छातीत असतो. पेशी त्याच्याभोवती भिंत घालून त्याला कोंडून ठेवतात. एचआयव्ही नेमका मुकादमाला खातो. मजूर जागेवर असतात, पण सांगणारं कुणी नाही म्हणून हातावर हात ठेवून बसतात. भिंत ढासळते, जंतू मोकळा सुटतो. लोकांना हे चटकन पटतं. मुकादम आला नाही की बागेत काय होतं ते त्यांनी पाहिलेलं असतं.

आता शालनविषयी सांगायला हवं. हे तिचं खरं नाव नाही. ती येवल्याची, पैठणी विणणारी. नवरा आणि ती एका शेठच्या घरी शेजारशेजारच्या मागांवर बसायची. नवऱ्याला दोन्ही रोग झाले आणि तो आमच्याच दवाखान्यात वारला. मग तिचं रक्त तपासलं. मुलगी शाळेत, सासर तुटलेलं. शेठला नवऱ्याचं मरण टीबीनं झालं एवढंच माहीत होतं. तो म्हणाला होता, "तुला काही निघालं तर माग दुसऱ्याला देईन, बाई. घरात लेकरं आहेत." म्हणजे शालनला बरं तर व्हायचं होतंच, पण कुणाला दिसणार नाही अशा रीतीनं बरं व्हायचं होतं. तिची पोर आणि तिचा माग, दोन्ही त्यावर अवलंबून होतं.

तिला टीबी होताच. मानेत शेंगदाण्याएवढी गाठ होती, तिच्यातलं पाणी काढलं तेव्हा सापडला. पण हातावर सुई टोचून बघतात ती तपासणी कोरी आली, जरासुद्धा सूज नाही. सूज आणायलाही मुकादम लागतो. धूरवाल्या डॉक्टरच्या यंत्रावरही तेच. तो तोंड वाकडं करून सोनवणेला म्हणाला, "काय घेऊन आलास हे? तुकडे टाकले तरी ढिम्म. सगळ्या झोपल्यात." शालन तिथंच स्टुलावर बसलेली. तिनं खाली बघितलं. आपल्याच हातून काही चुकलं असावं, असा तिचा चेहरा झाला.

आमच्या वैद्यकीय अधिकारी मॅडमनी तिला आधी टीबीच्या गोळ्या सुरू केल्या आणि त्या मानवल्यावर एचआयव्हीच्या. त्यानंतर पहिल्या फेरीला तिला रक्त द्यायचं होतं, तर येवल्याची एसटी रस्त्यात बंद पडली. ती दुपारी धापा टाकत पोचली. तो व्हरांड्यात उभा राहून सगळ्यांसमोर तिला बोलला, "आता तुमचं रक्त घेऊन काय करू? गाडी चुकणार. डबा पडून राहणार. पेशी मरतात हो!" बाकावर बसलेल्यांपैकी कितीजणांच्या पेशी मेल्या होत्या, ते त्याला त्यांच्याइतकंच माहीत होतं. मी तिला आत घेतलं, पाणी दिलं. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, मॅडम. त्यांचं नुकसान झालं ना." शेवटी सोनवणेनं तिचं रक्त घेतलं, इथल्या यंत्रापुरतं.

पुढच्या खेपेला ती आली ती पदर गळ्याभोवती गच्च लपेटून. माझ्या खोलीत बसली, दार नीट लागलंय का ते बघितलं आणि पदर सोडला. मानेची एक बाजू लिंबाएवढी सुजली होती. अंगात ताप. तिनं पिशवीतून एचआयव्हीच्या गोळ्यांची बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवली.

"हे ठेवून घ्या. टीबीच्या घेते. ह्या नको."

काय झालं होतं ते आम्हाला समजत होतं. मॅडमनी तिला तपासलं, गाठीतलं पाणी पुन्हा काढून पाठवलं, दुसरं काही नाही ना याची खात्री केली. गोळ्या लागू पडल्या होत्या. मुकादम परत आला होता, आणि आल्या आल्या त्यानं इतके दिवस साचलेला केर उपसायला सगळ्यांना जुंपलं होतं. गाठ सुजली होती ती त्या धांदलीनं. ती उतरणार होती. गोळ्या मात्र सोडायच्या नव्हत्या, सोडल्या तर सगळंच हातचं गेलं असतं.

हे मी तिला सांगितलं. हात हातात घेऊन सांगितलं. मॅडमनी सांगितलं. मी पुन्हा, आणखी सोपं करून सांगितलं. ती प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. आमच्या धंद्यात सगळ्यात भीती या मान हलवण्याची. वाद घालणारा पेशंट परत येतो, मान हलवणारा येत नाही.

"पटतंय ना?" मी विचारलं.

"व्हय, मॅडम." आणि बाटली बोटानं आणखी जराशी माझ्याकडे सरकवली. "शेजारच्या आळीत एकानं ह्याच गोळ्या सुरू केल्या होत्या. त्यालाबी गाठ आली. गेला तो. आन् माझी गाठ पदराखाली मावंना झाली. शेठनं काल दोनदा बघितलं."

एवढ्यात दार न वाजवता तो आत आला. "ती येवल्याची बाई आलीय का? सोनवणे म्हणाला की..." आणि थांबला. त्याची नजर तिच्या मानेवर गेली. मी शपथेवर सांगते, इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यानं कुणा पेशंटच्या कोपराच्या वर बघितलं.

तो तिच्या खुर्चीभोवती एक फेरी मारून आला. वाकला. चष्मा वर केला. "ब्यूटिफुल," तो म्हणाला, आधी पुटपुटत, मग मोठ्यानं. "ब्यूटिफुल! उठल्या! अरे, सगळ्या उठल्या!"

मला वाटलं, आता ही बाई उठून निघून जाणार आणि पुन्हा कधी दिसणार नाही. मी म्हणाले, "सर, जरा बाहेर थांबता का?" त्यानं ऐकलंच नाही. तो धावत गेला आणि दोन कागद घेऊन आला. खरोखर धावत, सोनवणे दारातून वाकून बघू लागला इतका. एक कागद जवळजवळ कोरा, दुसऱ्यावर एका कोपऱ्यात ठिपक्यांची दाटी.

"हे तुमचं आधीचं. हे मागच्या वेळचं, उशिरा आला होतात बघा, तेव्हाचं. तेव्हाच जाग्या व्हायला लागल्या होत्या! मला वाटलं, यंत्र बिघडलं. आणि आता ही गाठ! आजचं कसं असेल!" तो हात चोळत होता. लग्नाच्या पंगतीत जिलेबी आली की काही लोक चोळतात तसे.

शालननं ठिपक्यांवर बोट ठेवलं. "हे माझं हाय?"

"तुमचंच. प्रत्येक ठिपका म्हणजे एक पेशी."

"आन् हे गोळ्यांनी झालं?"

"मग कशानं?" तो जवळजवळ ओरडला. मग त्याची नजर टेबलावरच्या बाटलीवर पडली. ती कुठल्या बाजूला सरकवलेली आहे, हे त्याला कसं कळलं देव जाणे. त्याचा चेहरा पडला. आणि या माणसानं, ज्यानं कुणाला कधी साधा नमस्कार केला नव्हता, दोन्ही हात जोडले. "प्लीज. गोळ्या बंद करू नका. अजून माझी दोन सॅम्पलं राहिलीत. तुमच्यासारखी केस मला दुसरी मिळणार नाही."

इतकं निलाजरं वाक्य मी त्या खोलीत कधी ऐकलं नव्हतं. एका बाईच्या जिवावर बेतलेलं, आणि हा तिच्याकडे सॅम्पल मागत होता. तिच्या जिवाची त्याला पडलेली नव्हती हे आंधळ्यालाही दिसलं असतं. मला दिसत होतं, सोनवणेला दिसत होतं.

शालन त्याच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिनं बाटली उचलली आणि पिशवीत टाकली.

"रक्त कुठल्या हाताचं देऊ?" तिनं विचारलं.

ती एसटीला जायला निघाली तेव्हा मी तिच्याबरोबर फाटकापर्यंत गेले. मला राहवलं नाही. "शालन, मी तेच तर सांगत होते. मॅडमही तेच सांगत होत्या. त्याचं काय पटलं तुला?"

ती जराशी ओशाळली. "रागावू नका, मॅडम. तुम्ही लय चांगल्या हायत. पण इथं समदे बरं आन् वाईट एकाच तोंडानं सांगत्यात. मालकांच्या वेळंलाबी 'घाबरू नका, उतरंल' असंच म्हणाले होते." मग तिनं स्वतःच्या साध्या साडीचा पदर हातात घेतला आणि उलटा केला. "आमच्याकडं गिऱ्हाईक येतं ना, ते पैठणीचा पदर पुढून बघतच नाय. उलटून बघतं. खरी असली तर मागूनबी तशीच दिसती. खोटी असली तर मागं दोरे लोंबत्यात. हा माणूस मागून पुढून सारखा हाय. त्याला माझं काय बी पडलेलं नाय. मंग तो माझ्यासाठी खोटं कशापायी खुश होईल?"

खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं. मी तिच्या नवऱ्याच्या आजारपणापासून तिला ओळखत होते, आणि तिचा जीव वाचवणारं वाक्य त्या माणसाच्या तोंडून निघालं होतं, जो तिला 'येवल्याची बाई' म्हणायचा. मी परत आले तेव्हा तो नळी खिडकीत धरून उभा होता.

तिची गाठ आणखी काही दिवस वाढली. शेठला तिनं दाढेचं दुखणं सांगितलं आणि तोंडावरून रुमाल बांधून मागावर बसत राहिली. मग गाठ हळूहळू उतरली. ताप गेला. तिनं दोन्ही सॅम्पलं दिली, एसटी वेळेवर नसते म्हणून पहाटेच्या गाडीनं येऊन दिली. तो दर वेळी तिच्या कोपराकडे बघून 'ब्यूटिफुल' म्हणाला. मानेकडे त्यानं पुन्हा पाहिलं नाही. तोवर त्याला एका नव्या पेशंटच्या पेशींनी वेड लावलं होतं.

प्रकल्प संपला आणि तो गेला. निरोप असा नाहीच. यंत्रावर मात्र त्यानं जाताना हात फिरवला, असं सोनवणे सांगतो. नायट्रोजनचा डबा गेला, एसीही काढून नेला. भिंतीत एसीचं चौकोनी भगदाड आणि दाराखाली फोमची पट्टी तेवढी राहिली. आता ती खोली आम्ही रांगेतल्या लोकांना बसायला दिली आहे. आत भयंकर उकडतं.

त्याच्याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. कुणी मला सांगू लागलं की असली माणसंही जगाला लागतात, तर मी म्हणते, लागत असतील, पण माझ्या शेजारच्या खोलीत नकोत.

परवा शालन गोळ्या न्यायला आली. अंगावर मांस आलंय. पदर खांद्यावर मोकळा, मान उघडी. पोर दहावीला गेली. तिनं पिशवीतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. पैठणीच्या नारळी काठाचा हातभर तुकडा होता. साडी संपल्यावर मागावर उरलेल्या ताण्यावर शेठनं तिला विणू दिला होता.

"ते ब्यूटिफुलवाले कुठं गेले?"

"गेले. काम संपलं त्यांचं."

"मंग हे पाठवाल का त्यांना?" ती म्हणाली. मग मानेवरून हात फिरवत, "बरं झालं एका अर्थी गेले ते. गाठ नाय बघून हिरमुसले असते."

"उगीच काहीतरी," मी म्हणाले. "ऐकून त्यालाही बरंच वाटेल." असं मी का म्हणाले कोण जाणे. पत्ता विचारायला म्हणून तिच्यासमोरच त्याला फोन लावला. त्याचा आवाज आधीपासून चढा, फोन कानाला असला तरी खोलीभर ऐकू येतो.

"सर, शालननं तुमच्यासाठी एक वस्तू आणलीय."

"कोण?"

"येवल्याची. पैठणी विणते ती."

"कोण?"

मी दात आवळले. "मानेला गाठ आली होती ती."

"अरे, ती!" तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. माणूस उठून उभा राहिला असावा. "ती! काय रिस्पॉन्स होता! आहे का अजून गाठ?"

"नाही, सर. पूर्ण गेली. एकदम बरी आहे ती."

"गेली?" तो म्हणाला.

कुणाच्या तरी घरातलं माणूस गेल्याची बातमी ऐकल्यावर आवाज पडतो, तसा त्याचा आवाज पडला. रिक्षावाल्याच्या वेळी तो एवढासुद्धा पडला नव्हता.

समोर शालननं पदराचा बोळा तोंडावर दाबला, पण उपयोग झाला नाही. ती हसायला लागली. खांदे हलेपर्यंत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. नवरा गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. "बघा!" ती मला म्हणत होती. "म्हटलं नव्हतं मी? मागून पुढून सारखा!"

"हॅलो? मॅडम?" तो तिकडून विचारत होता. "कोण हसतंय?"

"तुमचं सॅम्पल," मी म्हणाले.